होळीनंतरचं बेळगाव: बाग, नदी आणि रान, सावलीचा हिशोब लावून कसं फिरायचं

होळी झाली की आपल्याकडं घराघरात एकच चर्चा सुरू होते, रविवारी कुठं जायचं, आणि दहातल्या सात घरांत उत्तर ठरलेलं असतंय, गोकाक. मग सगळी गाडीत कोंबून दुपारी बाराला तिथं पोचायचं, तापलेला काळा खडक बघायचा, चार फोटो काढायचे आणि डोकं धरून परत यायचं. गोकाकचा धबधबा भारीच आहे, घटप्रभा तिथं जवळपास ५२ मीटर खाली पडते, खरं ती पडते पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. मार्च-एप्रिलमध्ये तिथं धार उरते किंवा तेवढीपण नाही. मार्कंडेयवरच्या गोडचिनमलकीचंही तेच. म्हणून पहिलीच गोष्ट सांगून टाकतो, कोवळ्या उन्हाळ्यात धबधब्याच्या मागं लागू नका, सावली आणि डोह कुठं आहे ते बघा. नाव किती मोठं आहे यापेक्षा तिथं सकाळी आठ वाजता झाड किती दाट आहे याला महत्त्व.

आधी दिशा ठरवा

आपला जिल्हा म्हणजे एक जिल्हा नाहीच, तीन आहेत. पश्चिमेला खानापूर, जांबोटी, कणकुंबी, तिथं पावसाळ्यात कित्येक हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळं एप्रिलमध्येसुद्धा झाडाखाली गारवा मिळतोय. मध्ये बेळगाव शहर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास, दुपारी तापतंय खरं संध्याकाळी पश्चिमेचं वारं सुटलं की जीवात जीव येतोय. आणि पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणी, तिकडं पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, काळी माती, उघडं माळरान, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातच ऊन चावायला लागतंय.

त्यामुळं क्रम असा लावा. पूर्वेकडचं जे काय बघायचं ते होळीच्या आधी किंवा लगेच नंतर उरकून घ्या. पाडव्याच्या आसपास शहरातल्या बागा आणि किल्ला. एप्रिल पूर्ण पश्चिमेला, मलप्रभेच्या काठानं. एप्रिलच्या शेवटी वळीव चालू झाला की लांबचे प्लॅन संध्याकाळी ठेवायचे नाहीत, त्याबद्दल पुढं लिहितो.

वेळ: हे चुकलं तर बाकी सगळं वाया

मार्चअखेर सूर्य साडेसहाच्या आसपास उगवतो, एप्रिलच्या मध्याला सव्वासहा. म्हणजे पावणेसहाला घर सोडलं तर उजाडताना तुम्ही ठिकाणावर असता आणि हाताशी तीन-साडेतीन तास चांगले मिळतात. दहाला सावलीत बसायचं किंवा परत फिरायचं. दुसरा डाव साडेचारनंतर. मधल्या वेळेत जेवण, झोप, गप्पा, पत्ते, जे काय असेल ते झाडाखाली किंवा घरात. "अकराला निघू, तिथं जाऊन जेवू" हा जो आपला घरगुती कार्यक्रम असतोय ना, तो हिवाळ्यासाठी ठेवा.

शहरातल्या बागा आणि झाडं

ज्यांना गाडी नाही, घरात म्हातारी माणसं आहेत, लहान पोरं आहेत त्यांनी लांब जायची काही गरज नाही. किल्ला तलावावर सकाळी सहाला जावा, पाण्यावर पाणकावळे आणि ढोकरी दिसतात, काठानं चालायला वाट आहे आणि २०१८ साली उभा केलेला ११० मीटरचा ध्वजस्तंभ तर लांबूनच दिसतोय. तिथून रस्ता ओलांडला की किल्ला. १२०४ साली रट्टांच्या काळात बांधलेला, आत कमल बस्ती आहे, दगडी छताला कोरलेलं कमळ एकदा तरी मान वर करून निवांत बघा, आत थंडगार असतंय. खंदकाच्या बाजूनं जुनी झाडं आहेत.

टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोचा परिसर सकाळी फिरणाऱ्यांचा अड्डा आहे, पक्षी ऐकायचे असतील तर तिथं जावा. तांबट पक्षी "टुक टुक टुक" करत सुटतो तो याच दिवसांत, दिसायला चिमणीएवढा खरं आवाज अख्ख्या गल्लीला पुरतो. वरच्या निष्पर्ण फांदीच्या शेंड्यावर बघा, तिथं बसलेला असतोय. जवळच वीर सौधमध्ये १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खणलेली विहीर आहे, गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन, पोरांना दाखवायला बरं. कॅम्पात तर मुद्दाम बाग शोधायची गरजच नाही, जुन्या पर्जन्यवृक्षांनी रस्त्यावरच मांडव घातलेत.

फुलांचं वेळापत्रक डोक्यात असलं की बघण्यात मजा येते. पळस, पांगारा, काटेसावर फेब्रुवारीत सुरू होऊन मार्चमध्ये संपत येतात. सावरीची फुलं पडली असतील त्या झाडाखाली सकाळी दहा मिनिटं नुसतं उभं राहा, मैना, बुलबुल, सूर्यपक्षी सगळी हजेरी लावतात. मार्च-एप्रिलमध्ये निळा जॅकरांडा. एप्रिलच्या मध्यापासून बहावा, पिवळे घोस खाली लोंबायला लागले की समजायचं आता ऊन खरं चालू झालं. ताम्हण आणि गुलमोहर त्याच्या आगंमागं. आणि फुलंच कशाला, खानापूरच्या वाटेवर कुसुमाच्या झाडाला मार्चमध्ये जी तांबडी लाल कोवळी पानं फुटतात ती बघून बरीच लोकं फुलं समजतात.

घरची बाग

आपल्याकडं पाण्याचं गणित अवघड आहे. शहराच्या काही भागात चोवीस तास पाणी, बाकीच्यांना दिवसाआड किंवा त्याहून उशिरा, त्यामुळं "रोज दोन वेळा भरपूर पाणी घाला" असले सल्ले इथं चालत नाहीत. पाणी कमी लागेल अशी बाग करायची.

पहिलं काम आच्छादन. कुंडीतली माती उघडी ठेवायची नाही. नारळाच्या शेंड्या विकत आणायची काही गरज नाही, आपल्या जिल्ह्यात ऊस काय कमी आहे का, कुणाच्याही शेतातून उसाचं वाळलेलं पाचट पोतंभर मिळतंय. शेंगांची टरफलं, वाळका पाला पण चालतोय. दोन-तीन इंच थर द्या, फक्त खोडाला चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा नाहीतर खोड कुजतंय.

दुसरं, माठ. खानापूरची माती आणि कुंभारकाम आधीपासून प्रसिद्ध, तिथं खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्थापण आहे. तिथला साधा, रंग न दिलेला लहान माठ घ्या, परसात दोन-तीन झाडांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा आणि तोंडावर झाकण ठेवा (झाकण विसरलात तर डास). माठातून पाणी झिरपतंय तेवढंच मुळं ओढून घेतात, वरची माती कोरडी दिसली तरी आत ओल असते. वांगी, दोडका, काकडी यांच्यासाठी हा प्रकार एकदम झकास. गावाला चार दिवस जायचं असलं तरी काळजी नाही.

पाणी घालायच्या आधी बोट दोन इंच मातीत घाला, ओलं लागलं तर आज पाणी नको. सकाळी आठच्या आत घाला, नाही जमलं तर ऊन उतरल्यावर. टेरेसवरच्या कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका, खाली विटा द्या आणि सगळ्या एकमेकीला खेटून ठेवा, लांब लांब ठेवल्या की प्रत्येक कुंडी चारी बाजूनं तापते. ग्रीन नेट पन्नास टक्के सावलीची बास झाली, खरं झाडांच्या डोक्यावर दोन-तीन फूट मोकळी जागा सोडून बांधा आणि गाठी पक्क्या मारा, वळवाचं वारं अर्धवट बांधलेलं नेट शेजारच्याच्या टाकीवर नेऊन टाकतंय.

मोगऱ्याची छाटणी खरं तर फेब्रुवारीत व्हायला पाहिजे, वरचा एक तृतीयांश भाग कापून शेणखत द्यायचं. राहिली असेल तर आता जोरात कापू नका, पहिला बहर संपला की फांद्यांची टोकं फक्त हलकी खुडा, नवीन कळ्या येतात. मोगऱ्याला पूर्ण ऊन लागतंय, त्याला नेटखाली कोंडू नका, हा बऱ्याच जणांचा घोटाळा असतोय. जास्वंदीवर पांढरे कापसासारखे पिठ्या ढेकूण आले तर आधी पाण्याचा जोरात फवारा मारून पाडा, मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी मारा. दुपारी मारलं तर पानं भाजतात.

भेंडी, गवार, चवळी मार्चच्या मध्यापर्यंत लावली तर चालतंय, भेंडी ४५-५० दिवसांत तोडायला येते. त्यानंतर पेरलेलं उगवतंय खरं ऊन आणि मावा कीड यात झाड झुरत बसतंय.

आणि पक्ष्यांसाठी पाणी ठेवत असाल तर खोल भांडं नको. पसरट मातीचं ताट, इंच-दीड इंच पाणी, मध्ये एक दगड, रोज धुवून नवीन पाणी.

नदीकाठ: कुठं जायचं

मलप्रभा ही आपली सगळ्यात प्रेमळ नदी, असं माझं मत. कणकुंबीत माउलीच्या देवळापाशी उगम पावते आणि पुढं कुडलसंगमला कृष्णेला मिळते. उन्हाळ्यात तिचे तीन टप्पे चांगले. कणकुंबीला उगमाचं कुंड आणि भोवतीचं रान, तिथं नुसतं बसायचं, पाण्यात खेळायची जागा नाही ती, देवस्थान आहे. हब्बनहट्टीला नदीच्या पात्रालगत मारुतीचं देऊळ, शनिवारी गर्दी असते म्हणून मधल्या वारी जावा. आणि असोगा, खानापूरपासून अगदी जवळ, रामलिंगाचं देऊळ, दगडी पात्र, झाडी. बेळगावातून खानापूरला बस आणि रेल्वे दोन्ही आहे, पुढं रिक्षा, म्हणजे गाडी नसली तरी सकाळची सहल होतेय.

जांबोटीच्या बाजूला गेलात तर रस्त्याकडेच्या झाडीत सकाळी साडेसात-आठपर्यंत मलबारी राखी धनेश दिसायचा चान्स असतोय, आवाज ऐकला की पहिल्यांदा कुणीतरी कुचेष्टेनं हसतंय असंच वाटतं. चोर्ल्याचा रस्ता निघायच्या आधी चौकशी करून घ्या, वाहतूक वळवलेली असू शकते.

हिडकलची मजा वेगळी. घटप्रभेवरचं हे धरण उन्हाळ्यात उतरायला लागतंय, आणि पाणी बरंच खाली गेलं की जलाशयात बुडालेलं हुन्नूरचं जुनं विठ्ठलाचं देऊळ वर येतंय. प्रत्येक वर्षी सारखं दिसत नाही, पाणी किती उतरलंय त्यावर आहे, म्हणून तिकडच्या कुणाला तरी फोन करूनच निघा. सावली जवळजवळ शून्य, छत्री घ्या. आणि सुकलेला गाळ वरून घट्ट दिसतो खरं आत मांडीपर्यंत पाय जातोय, देवळाकडं जाताना गावकऱ्यांच्या पायवाटेवरूनच चाला.

राकसकोपचा जलाशय देखणा आहे, खरं ते बेळगावचं पिण्याचं पाणी. तिथं पाण्यात उतरायचं नाही, गाडी धुवायची नाही, आत सोडत नसतील तर वाद घालायचा नाही. शहरातल्या बळ्ळारी नाल्याच्या आसपास पाण्यात पाय घालायचा विचारही नको, सांडपाणी आहे ते.

चिकोडी, रायबाग, अथणीकडची मंडळी कृष्णाकाठी जातात. एप्रिल-मेमध्ये कृष्णा कधी इतकी आटते की महाराष्ट्राकडं कोयनेचं पाणी सोडा म्हणून मागणी जाते. पात्र कोरडं दिसलं म्हणून मध्यापर्यंत चालत जाऊ नका, वरून पाणी सोडलं की पातळी वाढते. दुसरं म्हणजे मगरी. या पट्ट्यात मगरी आहेत आणि नेमक्या याच दिवसांत वाळूच्या काठावर खड्डे करून अंडी घालतात. वाळूत घसरत गेल्याची रुंद खूण किंवा उकरलेली जागा दिसली की मागं फिरा, पोरांना आणि कुत्र्याला जवळ घ्या.

पाण्यात उतरायच्या आधी

उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून धोका कमी, हा सगळ्यात घातक समज. पात्र आटलं तरी डोह आटत नाही, आणि गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट दोन पुरुष खोल जातंय. त्यात वाळू उपशाचे खड्डे, ते तर वरून कळतच नाहीत.

म्हणून असं करा. पोचल्यावर आधी गावातल्या कुणाला तरी विचारा, कपडे धुणाऱ्या बायकांना सगळं माहीत असतंय. कन्नड गावात असाल तर "इल्लि नीरु आळ इदेया?" एवढं विचारलं तरी पुरे, इथं पाणी खोल आहे का. आळ म्हणाल्या की तिथं उतरायचं नाही, "आमची पोरं पट्टीची पोहणारी आहेत" हे ऐकवायचं नाही. मग एक लांब काठी घेऊन पुढं टेकवत जायचं. सूर अजिबात मारायचा नाही. शेवाळ धरलेल्या दगडावर अनवाणी चालायचं नाही, पट्ट्याचे, खाली ग्रिप असलेले सँडल घालून चालायचं. पोरं पाण्यात असताना एका मोठ्या माणसानं काठावर बसून फक्त त्यांच्याकडं बघायचं, हातात मोबाईल नाही, दर अर्ध्या तासानं माणूस बदला. आणि ज्यानं घेतली आहे त्यानं पाण्यापासून लांब.

सोबत पंधरा-वीस मीटर दोरी आणि पाच लिटरचा रिकामा, झाकण घट्ट लावलेला कॅन ठेवा. कॅन दोरीला बांधून बुडणाऱ्याकडं फेकायचा, तो धरून माणूस तरंगतोय आणि ओढून घेता येतंय. दोरी नसेल तर साडी, ओढणी, फांदी. पाठोपाठ उडी मारायची नाही, एकाच्या मागं तिघं गेल्याच्या बातम्या आपण प्रत्येक मेमध्ये वाचतो. बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर पोट दाबत बसू नका, तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं चालू करा आणि ११२ किंवा १०८ ला फोन.

रानात जाताना

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं, खानापूर तालुक्यातलं १९० चौरस किलोमीटरच्या आसपासचं रान. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटन्स फ्री-टेल्ड नावाचं जगात दुर्मिळ असलेलं वटवाघूळ राहतंय. गुहेत घुसायला जाऊ नका, आणि आत जायला वनखात्याची परवानगी लागते. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं वाटा बंदही ठेवतात, म्हणून आधी खानापूरच्या वनखात्याच्या ऑफिसात विचारा. नाहीच मिळाली परवानगी तरी काही बिघडत नाही, हलशीला जावा, कदंबांच्या काळातली देवळं, मोठी झाडं आणि शांतता.

चूल पेटवायची नाही. मार्च-एप्रिलचं वाळकं गवत आणि दुपारचं वारं, एक बिडीचं थोटूक पुरतंय. मटण-भाकरी करायची हौस असेल तर कुणाच्या तरी शेतात, विहिरीजवळ, मालकाला विचारून करा.

आग्या मोहोळ हा दुसरा विषय. या दिवसांत उंच कडे, जुनी देवळं, पुलाखाली, मोठ्या सावरीच्या फांद्यांना मोठमोठी पोळी असतात. राजहंसगडावर किंवा कुठल्याही किल्ल्यावर गेलात की आधी मान वर करून बघा. भडक अत्तर नको, धूर नको, दगड तर नकोच नको. उठलंच तर तोंड-मान झाकून सरळ पळायचं, गाडीत किंवा घरात शिरायचं, हात हलवत बसायचं नाही. पाण्यात बुडी मारायची नाही, माशा वर थांबून राहतात.

काजूच्या बागा मालकीच्या असतात, बोंडं तोडायच्या आधी विचारा. जाळीतली करवंदं एप्रिलच्या शेवटी पिकायला लागतात, ती रस्त्याकडेच्या बायकांकडून द्रोणानं घ्या, त्यांचे चार पैसे होतात.

पिशवीत काय

माणशी दोन लिटर पाणी, ओआरएसची पाकिटं (मोठं पाकीट एक लिटरला एक, अर्ध्या ग्लासात अख्खं ओतायचं नाही), टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टॉवेल, कचऱ्याची पिशवी. खायला दहीबुत्ती, खरं तिची एक युक्ती आहे, भात गार झाल्यावर दूध जास्त आणि दही दोनच चमचे घाला, दहा-अकरापर्यंत डब्यातच लागून बरोबर चवीला येते, सगळं दही घातलं तर नऊलाच आंबट ढाण. बाकी भाकरी, शेंगांची चटणी, काकडी, चिरमुऱ्यांचं भडंग. क्रीमचे केक-बिक नेऊ नका.

कुणाला चक्कर आली, बोलणं असंबद्ध झालं, अंग तापून कोरडं पडलं तर उष्माघात समजा. सावलीत आडवं करून ओल्या फडक्यानं अंग पुसा, वारा घाला, १०८ ला फोन. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

वळीव आला तर

दुपारी तीननंतर ढग काळे व्हायला लागले की आवरा. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा, तीसच्या आत ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका. माळावरचं एकटं झाड ही सगळ्यात वाईट जागा. देवळाच्या उघड्या मंडपात खांबाला टेकून उभं राहू नका.

घरी आल्यावर

खानापूर-जांबोटीच्या रानातून आलात तर दारातच कपडे काढून गरम पाण्यात टाका आणि अंघोळ करताना काखा, कंबर, गुडघ्यामागं, कानामागं नीट बघा. या दिवसांत गोचिडांची पिल्लं तिळाएवढी असतात, घाम पुसताना कळतही नाहीत. चिकटलेली असेल तर रॉकेल-तेल लावत बसू नका, चिमट्यानं कातडीला लागून पकडून सरळ वर ओढा, जागा साबणानं धुवा. माकडताप गोचिडांमुळंच होतोय, १९५७ साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या रानात तो पहिल्यांदा ओळखला गेला, आणि सिंधुदुर्गात दोडामार्गाला, गोव्यात सत्तरीला म्हणजे आपल्या शेजारीच त्याचे रुग्ण सापडलेत. सीझन साधारण डिसेंबर ते मे. रानात मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. फिरून आल्यावर आठ-दहा दिवसांत एकदम जोराचा ताप, डोकं फुटायला लागलं, अंग मोडून आलं तर "ऊन लागलं असेल" म्हणून घरात लिंबू सरबत पीत बसू नका, डॉक्टरकडं जावा आणि कुठल्या रानात, कोणत्या तारखेला गेला होता ते त्यांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा.